डिस्चार्ज बुक आणि पीपीओ: परदेशातली सेवा नेमकी कोणत्या कागदात दुरुस्त करायची?

सातारा-सांगलीकडच्या फौजी घरांत लोखंडी ट्रंकेच्या तळाशी दोन कागद हमखास एकाच पिशवीत असतात. एक डिस्चार्ज बुक, दुसरा पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर. घरातली माणसं दोन्हींना सरसकट ‘पेन्शनचे कागद’ म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. श्रीलंकेत दीड वर्ष काढलं किंवा संयुक्त राष्ट्रांच्या मिशनवर जाऊन आलो, पण पुस्तकात त्याची ओळसुद्धा नाही, ही तक्रार घेऊन माजी सैनिक आधी बँकेत जातात. बँक संरक्षण खात्याच्या पेन्शनसाठी असलेल्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन पोर्टलकडे बोट दाखवते. स्पर्शवर अर्ज टाकला की महिना-दोन महिन्यांनी ‘पेन्शन बरोबर आहे’ असं उत्तर येतं. उत्तर खरंच असतं, कारण पेन्शन बरोबरच असते. चुकलेली नोंद पीपीओत नव्हतीच.

म्हणून आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून नीट वाचा.

डिस्चार्ज बुक हा तुमच्या नोकरीचा गोषवारा. भरतीची तारीख, सेवामुक्तीची तारीख व कारण, हुद्दा, ट्रेड, शिक्षण आणि कोर्स, वैद्यकीय श्रेणी, कुटुंबाचा तपशील, चारित्र्याचा शेरा आणि पदकं. ते तुमच्या रेजिमेंटचं किंवा कोअरचं रेकॉर्ड ऑफिस देतं. परदेशातली सेवा दिसायची तर इथेच, आणि बहुतेक पुस्तकांत ती पदकांच्या रकान्यातूनच दिसते.

पीपीओ हा पैशाचा हुकूम. तो प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन, म्हणजे संरक्षण लेखा खात्याच्या पेन्शन कार्यालयातून निघतो. त्यात हुद्दा, पगाराचा ग्रुप, पात्र सेवा किती वर्षं-महिने-दिवस, पेन्शनचा दर, एकरकमी पैशासाठी विकलेला पेन्शनचा हिस्सा, पत्नीचं नाव व जन्मतारीख आणि कुटुंब पेन्शनचे दर असतात. तुम्ही श्रीलंकेतल्या जाफन्यात होता की झाशीत, याच्याशी पीपीओला देणंघेणं नाही. परदेशातले दिवस पात्र सेवेत आधीच मोजलेले असतात, आणि एका दिवसाला एकच दिवस मोजला जातो. परदेश भत्ताही पेन्शनच्या हिशेबात धरत नाहीत. त्यामुळे ‘श्रीलंकेची नोंद झाली की पेन्शन वाढेल’ असं सांगून कुणी एजंट पैसे मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

याला एक मोठा अपवाद आहे: परदेशातल्या कारवाईत झालेली जखम. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात अपंगत्व आणि मृत्यूच्या प्रकरणांचे ए ते ई असे वर्ग पाडले आहेत. ‘ई’ वर्गात शांतिसेनेबरोबर परदेशी तैनात असताना झालेल्या कारवाईचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि वॉर इंज्युरी पेन्शन याच वर्गातून मिळते. जखम परदेशातली असूनही कागदावर साधी आजारपणाची नोंद पडली असेल, तर पैशात फरक पडतो. तेव्हा पीपीओही बदलावा लागतो. पण तिथेही पहिली पायरी रेकॉर्ड ऑफिसचीच. तिथली नोंद बदलल्याशिवाय प्रयागराज हलत नाही.

दोन्हींचं मूळ तिसरीकडे

डिस्चार्ज बुक आणि पीपीओ दोन्ही उतारे आहेत. मूळ वही रेकॉर्ड ऑफिसात असते, तिला शीट रोल म्हणतात. शीट रोलमध्ये नोंद चढते ती पार्ट टू ऑर्डरवरून. जवानाच्या बाबतीत जे जे घडतं, म्हणजे बदली, रजा, लग्न, मूल, कोर्स, पदक, मोहिमेवर रवानगी, ते युनिट पार्ट टू ऑर्डर म्हणून काढतं. तिच्या प्रती रेकॉर्ड ऑफिसला आणि पगाराच्या ऑफिसला जातात. ऑर्डर निघालीच नाही किंवा चुकीच्या नंबरावर चढली, तर पुढचे सगळे कागद रिकामे राहतात.

नोंद गळते ती बहुतेक ठरलेल्या जागी. जवान स्वतःची बटालियन सोडून दुसऱ्या युनिटला अटॅच होऊन परदेशी गेला, तर ऑर्डर कोणी काढायची यात ती राहून जाते. कोअर बदलली आणि नवा आर्मी नंबर मिळाला, तर जुन्या नंबरावरची ऑर्डर नव्या शीट रोलला जोडली जात नाही. नावातही घोळ होतो. ‘शिंदे’चं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी लिहिलं जातं, ‘दत्तू’चा ‘दत्तात्रय’ होतो. आणि सर्वांत साधं कारण म्हणजे माणूस आधी सेवामुक्त झाला आणि पदकाची यादी नंतर मंजूर झाली. पदक टपालाने घरी आलं, पुस्तक तसंच राहिलं. हा शेवटचा प्रकार सुटायला सर्वांत सोपा, कारण रेकॉर्ड ऑफिसकडे नोंद असतेच, फक्त ती पुस्तकात उतरवायची राहिलेली असते.

आधी पुस्तक नीट वाचा

पदकांच्या पानावर इंग्रजी संक्षेप असतात आणि हाताने लिहिलेले असतात. इथे एक घोटाळा वारंवार होतो. विदेश सेवा पदक आणि विशिष्ट सेवा पदक या दोन्हींची इंग्रजी आद्याक्षरं ‘व्हीएसएम’ अशीच होतात. विशिष्ट सेवा पदक हा राष्ट्रपतींकडून जाहीर होणारा सन्मान आहे आणि तो नावापुढे लावता येतो. विदेश सेवा पदक हे परदेशात सेवा केलेल्यांना मिळणारं सेवा पदक आहे, आणि त्याच्या फितीवर देशाच्या नावाची धातूची पट्टी असते. पानावर नुसतं संक्षिप्त रूप असेल तर दुरुस्तीत पदकाचं पूर्ण नाव आणि पट्टीवरचा देश दोन्ही लिहून मागा. नाहीतर उद्या कुणी नावापुढे व्हीएसएम लावेल, आणि खोटा दावा केल्याचा ठपका विनाकारण येईल.

संयुक्त राष्ट्रांचं पदक वेगळं. प्रत्येक मिशनच्या फितीचे रंग निराळे, आणि पदकासाठी साधारणपणे ९० दिवसांची सेवा लागते. लेबनॉन, सोमालिया, काँगो, दक्षिण सुदान इथे गेलेल्यांकडे पदकाचं प्रमाणपत्र आणि मिशनचं ओळखपत्र असतं. पदकापेक्षा हे कागद जास्त कामाचे. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात गेलेल्या शांतिसेनेचा संयुक्त राष्ट्रांशी संबंध नव्हता, ती भारताने स्वतंत्रपणे पाठवलेली फौज होती. अर्जात ‘यूएन मिशन, श्रीलंका’ असं लिहिलं की क्लार्क चुकीच्या यादीत शोधतो आणि ‘नाव आढळत नाही’ असं उत्तर पाठवतो. अर्जात ‘ऑपरेशन पवन’ हे त्या मोहिमेचं नावच लिहा.

पुरावा कशाला म्हणायचा

घरच्यांना फोटो हा सर्वांत मोठा पुरावा वाटतो. रेकॉर्ड ऑफिसच्या दृष्टीने तो सर्वांत कमजोर. नारळीच्या झाडाखाली गणवेशात उभा असलेला माणूस रत्नागिरीतही असू शकतो. तीच गत पत्रांची. ‘मार्फत ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) हा पत्ता मुद्दामच असा आहे की त्यावरून जवान कुठे आहे ते कळू नये. तरीही पाकीट टाकू नका. शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारीख वाचता येत असेल, तर इतर कागदांना आधार म्हणून त्याचा उपयोग होतो.

जोर असतो तो मूव्हमेंट ऑर्डर म्हणजे रवानगीचा लेखी हुकूम, परदेशातून सुटीवर येताना मिळालेलं लीव्ह सर्टिफिकेट आणि लष्करी रुग्णालयाची डिस्चार्ज स्लिप यांना. पदकही पहा. सरकारकडून आलेल्या सेवा पदकाच्या कडेवर बहुधा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. हरवल्यावर बाजारातून घेतलेल्या पदकाची कड कोरी असते, ते जोडून उपयोग नाही.

यातलं काहीच नसेल तर बरोबरीच्या सोबत्याचा शोध घ्या. त्याच कंपनीतून त्याच तारखांना गेलेल्या जवानाच्या पुस्तकात नोंद असेल, तर त्या पानाची झेरॉक्स जोडा. अमुक ऑर्डरमध्ये याचं नाव आहे, तर माझंही तिथेच शोधा, असं त्यावरून सांगता येतं. वकिलाकडून केलेलं प्रतिज्ञापत्र इथे फारसं चालत नाही. नाव किंवा जन्मतारखेच्या दुरुस्तीला ते लागतं, पण परदेशातली सेवा शपथेवर सिद्ध होत नाही.

अर्ज कुठे आणि कसा

अर्ज जातो तुमच्या रेकॉर्ड ऑफिसच्या ऑफिसर-इन-चार्जकडे. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (इलेक्ट्रॉनिक्स-मेकॅनिकल इंजिनिअर्सची कोअर) सिकंदराबादला. सांगली-मिरजेच्या लोकांना बेळगावची गाडी थेट आहे. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. आधी अर्ज पाठवा, त्याचा जावक नंबर मिळाला की मग जा.

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवणं चांगलं. साताऱ्यात आणि सांगलीत दोन्हीकडे ते आहे. तिथे अर्जाला पत्र जोडून मिळतं आणि आवक-जावकची नोंद राहते. शिवाय एक प्रत स्वतः स्पीड पोस्टने थेट पाठवा.

अर्ज एक पानाचा, इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि मागणी नेमकी. ‘माझी परदेश सेवा नोंदवावी’ एवढंच लिहिलं तर उत्तरही तितकंच मोघम येतं. मजकूर साधारण असा हवा:

‘मी दि. … ते दि. … या काळात … बटालियनच्या … कंपनीत असताना ऑपरेशन पवनमध्ये श्रीलंकेत … या ठिकाणी तैनात होतो. माझ्या डिस्चार्ज बुकच्या पान क्र. … वर याची नोंद नाही. कृपया (१) माझा शीट रोल आणि वरील काळातील पार्ट टू ऑर्डर तपासाव्यात, (२) नोंद असल्यास तिचा साक्षांकित उतारा द्यावा व डिस्चार्ज बुकमध्ये दुरुस्ती करावी, (३) नोंद नसल्यास बटालियनकडून खात्री करून घ्यावी, (४) पदक देय असून दिलेलं नसल्यास तसं कळवावं.’

वर आर्मी नंबर, हुद्दा आणि नाव डिस्चार्ज बुकात आहे तसंच, अक्षर न अक्षर. कोअर बदललेली असेल तर दोन्ही नंबर. खाली मोबाइल, पत्ता, पीपीओ नंबर. सोबत पुस्तकाच्या सगळ्या पानांची साक्षांकित झेरॉक्स.

मूळ पुस्तक पहिल्याच अर्जासोबत पाठवू नका. दुरुस्ती मान्य झाली की रेकॉर्ड ऑफिस ते स्वतः मागवतं, तेव्हा पाठवा. आणि त्यात आपल्या हाताने काहीही लिहू नका. घरच्या कुणी निळ्या पेनने ‘श्रीलंका’ लिहून ठेवलेली पुस्तकं पाहायला मिळतात. नोंद खरी असली तरी सही-शिक्क्याशिवाय लिहिलेल्या त्या एका शब्दामुळे सगळं पुस्तक संशयात येतं.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर

माहिती अधिकाराचा अर्ज हे चांगलं साधन आहे, पण त्याचं काम समजून घ्या. १० रुपयांच्या फीमध्ये शीट रोलची आणि पार्ट टू ऑर्डरची प्रत मागता येते, आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवं. दुरुस्ती मात्र माहिती अधिकारात मागता येत नाही. ‘नोंद का केली नाही’ असं विचारू नका, ‘अमुक ऑर्डरची प्रत द्या’ असंच लिहा.

लेखी नकार आला आणि तुमच्याकडे कागद पक्के असतील, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. अंतिम नकारापासून सहा महिन्यांची मुदत असते. अर्ज देऊन सहा महिने उत्तरच आलं नाही, तर त्यापुढचे सहा महिने. म्हणून अर्जाच्या पोहोचेची तारीख जपा.

‘कागदपत्रं नष्ट केली’ असंही उत्तर येतं. पेन्शन न मिळणाऱ्यांचे कागद नियमाप्रमाणे २५ वर्षांनी नष्ट होतात, पण लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांची मूळ नामावली, कायम ठेवतात. त्यात तपशील थोडा असतो, तरी माणूस फौजेत होता हे त्यावरून सिद्ध होतं. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आजोबांचा शोध घेणाऱ्यांनी लाँग रोलच्या उताऱ्यापासूनच सुरुवात करावी. घरात पदक असेल तर त्याचं नाव वाचा. आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार, म्हणजे आघाडी कुठली होती ते पदकच सांगतं.

पतीच्या पश्चात पत्नी अर्ज करू शकते. मृत्यूचा दाखला, तिचा कुटुंब पेन्शनचा पीपीओ आणि ओळखपत्र जोडायचं. तिचं नाव डिस्चार्ज बुकात आणि पीपीओत वेगवेगळं असेल, तर आधी ती दुरुस्ती करून घ्या. नाहीतर परदेश सेवेचा अर्ज ओळख पटवण्यातच अडकतो. ही दुरुस्ती मात्र पीपीओतही लागते, आणि तिथे स्पर्शवरचा अर्ज हाच रस्ता.

दुरुस्त पुस्तक परत आलं की पाकीट उघडल्या उघडल्या चार गोष्टी पहा: नंबर बरोबर आहे का, पदकाचं पूर्ण नाव आणि देश लिहिला आहे का, शेजारी अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का आहे का, तारीख आहे का. यातलं एकही राहिलं असेल तर त्याच आठवड्यात जावक नंबराचा हवाला देऊन परत पाठवा. सगळं ठीक असेल तर त्या पानाची झेरॉक्स जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या तुमच्या फायलीला लावून घ्या, आणि घरच्या प्रतीवर रेकॉर्ड ऑफिसच्या पत्राचा नंबर व तारीख लिहून ठेवा.