काटा खोटा की फ्लोट खोटा?

घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर पेट्रोलचा काटा थोडा वरखाली झाला, तर गॅरेज गाठायची घाई नको. टाकीतलं पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि त्यावर तरंगणारा फ्लोट त्याच्याबरोबर जातो. सपाट रस्त्यावर माजिवड्याच्या सिग्नलला उभ्या गाडीत काटा नाचत असेल, तर मात्र भानगड आहे. आणि तिथेच फ्लोट आणि डॅशबोर्डवरचं मीटर यांची गल्लत होते. माझं मीटर एका गॅरेजने बदललं, बिलही लावलं. दोष टाकीत होता.

फ्लोटच्या दांडीचं टोक एका रेझिस्टन्सच्या (विजेला अडवणाऱ्या) पट्टीवर घासत फिरतं. पातळीप्रमाणे रेझिस्टन्स बदलतो, त्यावरून मीटर काटा हलवतं. वर्षानुवर्षं घासून पट्टी झिजते, तीही जास्त वापर असेल तिथे. (दर वेळी ५०० रुपयांचं पेट्रोल टाकणाऱ्या आमच्यासारख्यांची खालची बाजू आधी जाते.) म्हणून फ्लोटच्या बिघाडाला ठरावीक जागा असते: पेट्रोल पाव टाकीजवळ आलं की काटा झपकन शून्यावर, त्याच्या वर सगळं ठीक. दांडी अडकली तर टाकी रिकामी होत आली तरी काटा जागचा हलत नाही.

मीटरच्या बिघाडाला पातळीचं सोयरसुतक नसतं. टाकी भरलेली असो वा अर्धी, काटा मनात येईल तेव्हा मरतो आणि खड्ड्यात गाडी आदळली की जिवंत होतो. सोबत टेंपरेचरचा काटाही बहकला, तर संशय मीटरवर किंवा त्याच्या सप्लायवर. हेडलाइट लावल्यावर काटा सरकला, तर दोन्ही सोडा, आधी अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर) बघा. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढली असेल, तर टाकीवरचा कपलर (वायरींचा जोड) गंजून हिरवा पडलाय का तेही.

खात्री मल्टिमीटरने, म्हणजे रेझिस्टन्स आणि व्होल्ट मोजायच्या यंत्राने होते. कपलर काढून फ्लोटची दांडी हळूहळू फिरवायची. आकडा सलग बदलला तर फ्लोट निर्दोष, मधे उड्या मारल्या तर पट्टी गेली. ओहमचे (रेझिस्टन्सचे) आकडे मॉडेलप्रमाणे वेगळे असतात, शेजारच्या गाडीचे लावू नका. पेट्रोलच्या वाफांमुळे टाकी उघडायचं काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू नये. पुष्कळ गाड्यांत फ्लोट पंपाच्या असेंब्लीवरच असतो, म्हणून मिस्त्री अख्खी असेंब्ली बदलायला सांगतो. फ्लोट सुटा मिळतो का, हे आधी विचारा.

बॅटरी आणि तिला चार्ज करणारा अल्टरनेटर यांचीही अशीच गल्लत होते, पण तिथे निकाल झटपट लागतो: भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. गाडी चालू केल्यावर आकडा १४ च्या आसपास चढलाच नाही, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा.

दुरुस्ती होईपर्यंत टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्य करा. ३५ लिटरची टाकी, लिटरला १५ किलोमीटर, तर ४०० झाले की पंप गाठायचा. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. रोज तळाशी चालवलीत, तर काट्यापायी पंपही जाईल.