धूर दिसतोय, पण कुणीच उठत नाही

एका खोलीत तीन तरुण प्रश्नावली भरत बसलेत. थोड्या वेळाने भिंतीतल्या छोट्याशा झरोक्यातून पांढरा धूर आत यायला लागतो. त्यातला एकजण मान वर करतो. बाकीचे दोघं धुराकडे क्षणभर बघतात, खांदे उडवतात आणि पुन्हा लिहायला लागतात. मग हाही मान खाली घालतो. धूर वाढत जातो. तो खोकतो, डोळे चोळतो, हाताने धूर बाजूला सारतो, पण बाहेर जाऊन कुणाला सांगत नाही. सहा मिनिटांनी खोलीतलं धड काही दिसेनासं होतं, तरी याचं पेन चालूच.

बिब लॅटाने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेला हा प्रयोग १९६८ साली प्रसिद्ध झाला. खांदे उडवणारे दोघं अर्थातच त्यांनीच पढवून बसवलेले. अशा जोडीबरोबर बसलेल्या १० जणांपैकी फक्त एकाने धुराची खबर दिली. खोलीत एकटं बसवलं तेव्हा मात्र २४ पैकी १८ जण उठून सांगायला गेले. मला सगळ्यात बोलकी वाटते ती तिसरी तऱ्हा. तिच्यात पढवलेलं कुणीच नव्हतं. तिघंही खरोखरचे अनभिज्ञ, अशी ८ त्रिकुटं बसवली. त्या २४ जणांतले उठले फक्त तिघं.

जे उठले नाहीत त्यांना नंतर विचारलं, धुराचं काय वाटलं? कुणी म्हणालं वाफ असेल, कुणी म्हणालं एसीचं काहीतरी असेल. दोघांनी तर हा माणसाला खरं बोलायला लावणारा वायू असणार, असं सांगितलं! आगीचं नाव यांच्यापैकी एकानेही घेतलं नाही. म्हणजे हे लोक घाबरून गप्प बसले असं नव्हे. घाबरण्यासारखं काही नाही, असं त्यांनी स्वतःला पटवून दिलं होतं.

कसं पटवलं, ते त्रिकुटांकडे बघितलं की कळतं. धूर दिसल्यावर प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘हे गंभीर आहे का?’ उत्तरासाठी तो शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे चोरून बघतो. पण चारचौघांत उगाच धांदल करून हसं होऊ नये, म्हणून शेजाऱ्याने चेहरा शांत ठेवलेला असतो. अगदी त्याच कारणासाठी यानेही शांत ठेवलेला असतो. शेजाऱ्याच्या शांत चेहऱ्यावरून हा ठरवतो की काही नाही, आणि याच्या शांत चेहऱ्यावरून शेजारी तेच ठरवतो. आपला चेहरा मुखवटा आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं, समोरचा मात्र खराच शांत आहे असं वाटतं. व्याख्यान संपताना वक्ता ‘काही शंका?’ विचारतो आणि सगळं सभागृह गप्प बसतं, तेव्हाही हेच चाललेलं असतं. मला काही कळलं नाही म्हणून मी गप्प, बाकीच्यांना सगळं कळलं म्हणून ते गप्प, असा माझा हिशेब. या हिशेबाने मी आयुष्यात बऱ्याच शंका गिळल्या आहेत.

एरवी आपण म्हणतो, ‘बघ्यांची गर्दी जमली, मदतीला कुणी आलं नाही, माणुसकी उरली नाही.’ याच जोडीच्या दुसऱ्या एका प्रयोगात इंटरकॉमवर बोलताना एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला होता. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटत होतं त्यांच्यापैकी ८५ टक्के लोकांनी रुग्ण बोलतोय तोवरच मदत मागितली. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटत होतं तिथे फक्त ३१ टक्क्यांनी. पण जे उठले नाहीत त्यांच्यातल्या कित्येकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. माणुसकी जागेवर होती. पाऊल उचलायचं कुणी, एवढंच ठरत नव्हतं.

इथे कुणी म्हणेल, धूर किंवा झटका ही संदिग्ध प्रकरणं आहेत. डोळ्यांसमोर स्पष्ट दिसतंय तिथे कोण कशाला दुसऱ्याचं ऐकेल? सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात नेमकं हेच तपासलं. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर तीन. त्यातली पहिल्याएवढी कोणती, ते सांगायचं. एकट्याला विचारलं तर चुकांचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी, इतकं सोपं. सात ते नऊ विद्यार्थी ओळीने मोठ्याने उत्तर देतात. एक सोडून सगळे पढवलेले, आणि तो एक जवळजवळ शेवटी. पहिल्या दोन फेऱ्या सुरळीत जातात. तिसऱ्या फेरीत पहिला विद्यार्थी धडधडीत चुकीची रेघ सांगतो. दुसरा तीच सांगतो, तिसराही. आपल्या माणसाची पाळी येईपर्यंत तो खुर्चीत पुढे झुकून कार्ड न्याहाळायला लागलेला असतो.

अशा १२ फसव्या फेऱ्यांत १२३ जणांनी मिळून सुमारे ३७ टक्के वेळा बहुमताची री ओढली. हा आकडा सांगून ‘माणूस म्हणजे मेंढरू’ असा निष्कर्ष काढायची पद्धत आहे, आणि ती मला पटत नाही. उरलेल्या ६३ टक्के वेळा माणसं भरल्या खोलीत एकटी उभी राहिली, आणि सुमारे पाव लोक तर एकदाही वाकले नाहीत. ॲशना स्वतःला हे ठामपणही तितकंच महत्त्वाचं वाटत होतं.

मात्र वाकणाऱ्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. काहींना खरंच वाटलं की आपलेच डोळे चुकताहेत. काहींना ॲशचा प्रयोग बिघडवायचा नव्हता. आणि काहींना चक्क संशय आला होता की पहिला चुकला आणि बाकीचे मेंढरांसारखे त्याच्यामागे चाललेत. संशय बरोबर होता, तरी आपली पाळी आली तेव्हा त्यांनी तेच चुकीचं उत्तर दिलं! समोरचे एकमेकांची नक्कल करताहेत हे कळणं वेगळं आणि त्या साखळीतून स्वतः बाहेर पडणं वेगळं.

मराठीत ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतात. गणिताच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे, पण एका अटीवर: पाचही मुखं स्वतंत्रपणे बोलली पाहिजेत. चौघांनी पहिल्याचं ऐकून तेच म्हटलं, तर ते पाच साक्षीदार नव्हेत. एक साक्षीदार आणि चार प्रतिध्वनी झाले. ही अट मोडली की काय होतं, ते २००६ साली मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी दाखवलं. त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी एका वेबसाइटवर ठेवली. १४ हजारांहून जास्त लोक आले. काहींना नुसती गाणी दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगांत’ वाटलं होतं, आणि आपल्या जगात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं ते त्यांना दिसे. आठही जगांची सुरुवात शून्यापासून, गाणी तीच, तरी प्रत्येक जगातली क्रमवारी निराळी. एकच गाणं एका जगात पहिलं आलं, दुसऱ्यात चाळिसावं. अगदी उत्तम गाणी सहसा पार तळाला गेली नाहीत आणि अगदी सुमार गाणी सहसा डोक्यावर बसली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. सुरुवातीच्या थोड्या लोकांची आवड, कदाचित निव्वळ योगायोग, पुढच्यांना गुणवत्तेचा पुरावा वाटला, आणि त्यांनीही उतरवून घेतल्यावर तो पुरावा आणखी भक्कम झाला.

आकडे चांगल्या हेतूने दाखवले तरी उलटतात, हे आणखी वेगळंच. २००७च्या एका अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या सुमारे ३०० घरांना शेजारपाजारची सरासरी वीज किती जळते ते कळवलं. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. कमी वापरणाऱ्यांनी वाढवला! आपण उगाचच काटकसर करतोय असं त्यांना वाटलं असावं. त्यांच्या चिठ्ठीवर नुसता एक हसरा चेहरा काढून दिला, तर ती वाढ थांबली.

पुन्हा ॲशच्या खोलीत जाऊ, कारण साखळी कशी तुटते तेही तिथेच दिसतं. विरोधात एकच माणूस असला तर फारसा परिणाम होत नाही. दोन झाले की चुका वाढतात, तीन झाले की दबाव जवळपास पुरा होतो आणि त्यापुढे माणसं वाढवून विशेष फरक पडत नाही. मग ॲशनी पढवलेल्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. बहुमताची पकड एकदम सैल झाली, बळी जाण्याचं प्रमाण पावपटीवर आलं. गंमत म्हणजे या वेगळ्या माणसाने बरोबरच असायला हवं असंही नाही. तो बहुमतापेक्षा जास्त चुकीचं बोलला, तरी ऐकणाऱ्याला स्वतःचं उत्तर द्यायला बळ येई. खरं उत्तर देणारा हा जोडीदार काही फेऱ्यांनंतर बहुमताला जाऊन मिळाला की चुका पुन्हा उसळत. पण काहीतरी काम आहे असं सांगून तो खोलीतून नुसता निघून गेला, तर त्याने दिलेला धीर बराचसा मागे राही.

प्रयोगानंतर या जोडीदाराबद्दल विचारलं, तेव्हा लोक आपुलकीने बोलले. त्याच्यामुळे धीर आला, असंही म्हणाले. मग तुम्ही खरं उत्तर दिलंत ते त्याच्यामुळे का? छे, तो नसता तरी आम्ही तेच सांगितलं असतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.