झेल सुटला, पण कोणाच्या खात्यावर?

९ मे २०१४, टेक्सासमधलं आर्लिंग्टन. बेसबॉलचा सामना. टेक्सास रेंजर्सचा पिचर यू दारविश सातव्या इनिंगमध्ये चेंडू टाकतोय आणि बोस्टन रेड सॉक्सचा एकही बॅटर अजून पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, पोचलेला नाही. दोन आउट झालेत. डेव्हिड ऑर्टिझ चेंडू उंच उडवतो, उजव्या बाजूला, फार लांब नाही. सेकंड बेसमन रूग्नेड ओडोर आणि राइट फिल्डर ॲलेक्स रिओस दोघेही तिथे पोचू शकले असते. चेंडू दोघांच्या मधोमध गवतावर टप्पकन पडतो. कोणाच्या हातमोज्याला लागलासुद्धा नाही.

ऑर्टिझ पहिल्या बेसवर सुखरूप. आता हा त्याचा ‘हिट’ (स्वतःच्या फटक्यावर मिळवलेला बेस), की फिल्डरचा ‘एरर’ (फिल्डरच्या चुकीने मिळालेला बेस)? एरर धरला तर दारविशने अजून एकही हिट दिलेला नाही आणि ‘नो-हिटर’, म्हणजे पूर्ण सामन्यात एकही हिट न देण्याचा दुर्मीळ पराक्रम, शाबूत राहतो. हिट धरला तर तो तिथेच संपला.

हे पंच ठरवत नाही. पंच फक्त आउट की सेफ एवढंच सांगतो. तो सेफ कशामुळे झाला, हे ठरवतो प्रेस बॉक्समध्ये बसलेला लीगने नेमलेला अधिकृत स्कोअरर. त्या दिवशी त्याने रिओसच्या नावावर एरर लावला.

आपण क्रिकेटवर पोसलेली माणसं. आपल्याकडे स्कोअरर हा हिशेबनीस: पंचाने बायची खूण केली की बाय लिहायचा, हात वर करून ‘दिसलं’ म्हणायचं. चार धावांवर जीवदान मिळालेल्या फलंदाजाने पुढे १४० ठोकल्या, तर त्या सगळ्या त्याच्याच. सुटलेल्या झेलाची धावफलकावर नोंदही नसते, तो नुसता चहाच्या टपरीवरच्या चर्चेत जगतो. बेसबॉलने मात्र हे जीवदान हिशेबात धरलं.

गंमत अशी, की या हिशेबामागचा एक मोठा माणूस क्रिकेटमधूनच आलेला. हेन्री चॅडविक १८२४ साली इंग्लंडमधल्या एक्झेटरला जन्मला, लहानपणीच अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत क्रिकेटच्या बातम्या देता देता बेसबॉलच्या प्रेमात पडला. सामन्याचा गोषवारा एका कोष्टकात बसवणारा ‘बॉक्स स्कोअर’ त्याने रूढ केला. स्ट्राइकआउटसाठी (तीन स्ट्राइक होऊन बॅटर आउट होणं) आजही लिहिलं जाणारं ‘के’ हे अक्षर त्याचंच.

हिट की एरर याची नियमातली कसोटी म्हणजे ‘सामान्य प्रयत्न’. त्या लीगमधल्या, त्या जागेवर खेळणाऱ्या सरासरी कौशल्याच्या फिल्डरला ते जमायला हवं होतं का? मैदान ओलं होतं का, वारा होता का, तेही धरायचं. हो असेल तर एरर, नाही तर हिट. चेंडूला हात लागलाच पाहिजे अशी अट नाही. चेंडू दोन पायांमधून निघून गेला तरी एररच. उलट, डोकं चालवण्यात चूक झाली, चुकीच्या बेसकडे चेंडू फेकला, तर साधारणपणे एरर नाही.

माझ्या मते या कसोटीत एक खोच आहे. चपळ शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा फिल्डर) दहा पावलं धावत चेंडूपर्यंत पोचतो आणि घाईत त्याच्या हातून तो निसटतो. एरर मिळायचा धोका त्यालाच. आळशी शॉर्टस्टॉप दोन पावलं टाकून थांबतो, चेंडू बाजूने निघून जातो: स्वच्छ हिट, शॉर्टस्टॉपची पाटी कोरी. एररचा आकडा फिल्डर किती चुकला हे सांगतो. तो कुठवर पोचू शकतो हे सांगत नाही.

खरी कसरत पुढे आहे. पिचरची गुणवत्ता मोजायची ती ‘अर्न्ड रन’वरून, म्हणजे ज्या धावा खरोखर त्याच्याच माथी मारायच्या त्यांवरून. त्यासाठी स्कोअरर न घडलेली इनिंग डोक्यात पुन्हा खेळतो. समजा, पहिल्या बॅटरचा सोपा चेंडू शॉर्टस्टॉपकडून निसटला: एरर. पुढचे दोघे आउट. चौथ्याने होमरन (थेट कुंपणापार फटका) मारला, बेसवरच्या पहिल्यासकट दोन धावा. आता एरर झालाच नसता तर? पहिला आउट, मग आणखी दोन आउट, म्हणजे तीन आउट होऊन इनिंग तिथेच संपली असती. म्हणून दोन्ही धावा पिचरच्या खात्यावर नाहीत. त्याच इनिंगमध्ये त्याने पुढे आणखी पाच होमरन दिले, तरी एकही नाही! पण मधेच पिचर बदलला, तर नव्याला या सवलतीचा फायदा नाही. त्याने बेसवर जाऊ दिलेल्यांच्या धावा त्याच्या वैयक्तिक खात्यात अर्न्ड, आणि संघाच्या खात्यात तीच धाव अर्न्ड नाही. एकाच धावेच्या दोन जाती. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छापील चूक वाटली होती.

नियम बदलला की आकड्याचा अर्थही सरकतो. बॅटर टेड विल्यम्सची १९४१ ची ०.४०६ सरासरी (४५६ संधींत १८५ हिट) प्रसिद्ध आहे. त्या वर्षी, उंच झेल देऊन साथीदाराला धाव काढून दिली तरी ती संधी वाया गेली असंच धरत. १९५४ पासून ती मोजत नाहीत. आजच्या नियमाने त्याची सरासरी आणखी वर गेली असती.

२०१५ पासून मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च लीगच्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट यंत्रणा आहे. चेंडू हवेत किती वेळ होता, फिल्डरला किती अंतर कापायचं होतं, यावरून असे झेल किती टक्के वेळा पकडले जातात हे ती सांगते. हिट की एरर हे मात्र अजून माणूसच सांगतो, आणि खेळाडू किंवा संघ त्याविरुद्ध लीगकडे दाद मागू शकतो. दारविशच्या बाबतीत तेच झालं. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये दोन आउट असताना त्याच ऑर्टिझने निखालस हिट मारून नो-हिटर मोडला, आणि काही दिवसांनी लीगने सातव्या इनिंगमधला एररही बदलून हिट केला.

न्यूयॉर्क यँकीजचा बॅटर जो डिमॅजिओ याच्या वेळी स्कोअररच्या खुर्चीत वृत्तपत्रांचे बातमीदार बसत. १७ जून १९४१ ला न्यूयॉर्कमध्ये, सलग २९ सामन्यांत हिट मिळवून, तो खेळायला उतरला. त्याने मारलेल्या जमिनीलगतच्या चेंडूने विचित्र उसळी घेतली आणि तो शिकागोच्या शॉर्टस्टॉप ल्यूक ॲपलिंगच्या खांद्यावर आदळला. स्कोअरर डॅन डॅनियलने हिट दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ॲपलिंगकडेच गेलेला चेंडू, आणि पुन्हा हिट. सलग हिटची ही मालिका पुढे ५६ सामन्यांपर्यंत चालली. डॅनियल न्यूयॉर्कच्या एका दैनिकात बेसबॉलबद्दलच लिहायचा.