चमकणाऱ्या डोळ्यांचं पिल्लू आणि रात्रीची हवा

परवा एका ग्रुपवर कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्याच्या पिल्लाचा व्हिडिओ आला. जेमतेम दीड महिन्याचं पिल्लू, अंधारात त्याच्या तोंडावर मोबाईलचा टॉर्च, डोळे निळे चमकतायत आणि खाली लिहिलेलं की डोळे बघा, रात्री दिवसासारखं बघतंय, कामाला एक नंबर. त्याखाली किंमत विचारणाऱ्यांची रांग. आपल्या सोलापूर भागात कारवानी आणि पश्मी या कुत्र्यांचं वेड जुनंच आहे, विजापूर ओलांडून पुढं गेलं की मुधोळ, तिथला मुधोळ हाउंड याच घराण्यातला. पण एवढी जुनी ओळख असून लोक डोळ्याच्या चमकेवर पैसे मोजतात याचं वाईट वाटतं, म्हणून लिहितोय.

आधी एक सांगतो, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळविटामागं नाहीतर सशामागं कुत्रं सोडणारा माणूस मला अजिबात पटत नाही. पण शिकारीसाठी पिढ्यानपिढ्या निवडत आणलेले गुण आज राखणीला, पोलिसाला, लष्कराला लागतातच, तेव्हा ते समजून घेऊ.

तर ती चमक. कुत्र्याच्या डोळ्यात रेटिनाच्या, म्हणजे उजेड टिपणाऱ्या आतल्या पडद्याच्या मागं, वरच्या अर्ध्या भागात आरशासारखा एक थर असतो, त्याला टॅपेटम म्हणतात. रेटिनातून निसटलेला उजेड त्यावर आपटून परत फिरतो, म्हणजे पेशींना तो पकडायचा दुसरा चान्स मिळतो. त्यातूनही जो हुकला तो डोळ्याबाहेर येतो आणि आपल्याला चमक दिसते, म्हणजे आपण बघतो तो कुत्र्याच्या हातून गेलेला उजेड. हा थर पिल्लात तयार व्हायला चारेक महिने जातात, तोवर डोळा निळसरच चमकतो, त्यामुळं त्या व्हिडिओतल्या निळ्या डोळ्यांवरून एवढंच कळतं की पिल्लू अजून लहान आहे. तसा हा थर म्हशीला पण असतो, मांजराला पण. त्यानं कमी उजेडात फायदा होतो हे खरंय, पण परत फिरलेला उजेड थोडा विखुरतो आणि चित्र जरा पुसट होतं. आणि मिट्ट काळोखात आरसा काय करणार.

डोळ्याची खरी कमाल दिवसा. कारवानीचं लांबोडं तोंड नुसतं दिसायला नाही, लांब कवटीच्या कुत्र्यात रेटिनावरच्या पेशी आडव्या पट्ट्यासारख्या दाटलेल्या असतात, त्यामुळं क्षितिजाची अख्खी रेघ एकदम नजरेत राहते. रंग त्याला निळा आणि पिवळा एवढेच नीट कळतात, वाळलेल्या कुसळात बसलेला ससा त्याला गवतातच जमा, पण हलला की संपलं. १९३६ साली पोलिसांच्या कुत्र्यांवर एक चाचणी झाली होती, त्यातली चांगली कुत्री हलणारी वस्तू ८००-९०० मीटरवरून ओळखायची, तीच वस्तू थांबली की ६०० मीटरच्या आत यावं लागायचं. ससा जागच्या जागी थिजून का बसतो ते यावरून कळतं. बाकी खोल छाती, बारीक कंबर, धनुष्यासारखी वाकणारी पाठ हे सगळं थोड्या वेळाच्या जबरदस्त पळण्यासाठी. शर्यतीत पळणाऱ्या ग्रेहाउंड कुत्र्याचं अंग एका शर्यतीत ४१ अंशांच्या आसपास तापतं, मग आपल्या एप्रिलच्या दुपारी कारवानीला पळवायचं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

आता रात्र, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख, कुत्र्याच्या २० ते ३० कोटी. पण नाक दिवसा पण तेच आणि रात्री पण तेच, मग रात्री माग चांगला का लागतो? उत्तर हवेत आहे आणि मातीत आहे. दुपारी माळ तापतो, जमिनीलगतची हवा गरम होऊन वर सुटते, वावटळी उठतात, आणि त्या हवेबरोबर वासाचे कण पण वर जाऊन कुठल्या कुठं पांगतात. दिवस मावळला की उलटं होतं, जमीन उघड्या आभाळाकडं उष्णता सोडून झपाट्यानं गार होते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, वर जातच नाही. हिवाळ्यात संध्याकाळी चुलीचा धूर वस्तीवर चादरीसारखा आडवा पसरलेला सगळ्यांनी बघितलाय ना, वासाचं तसंच, तो गुडघ्याच्या खाली, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीला पडून राहतो.

आणि माती. आपल्या काळ्या रानातल्या चिकण मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, पापडाच्या चळतीसारखे अतिपातळ थर, शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅमचे सगळे थर उलगडले तर ७०० चौरस मीटरच्या घरात पृष्ठभाग भरतो. माती कोरडीठाक असली की वासाचे रेणू या पृष्ठभागाला घट्ट चिकटून बसतात, हवेत येतच नाहीत. पाण्याच्या रेणूत विद्युतभार एका बाजूला झुकलेला असतो म्हणून तो खनिजाला जास्त जोरानं चिकटतो, आणि रात्री हवेतला ओलावा वाढला, पहाटे दव पडलं की पाणी वासाच्या रेणूंना ढकलून त्यांची जागा घेतं, आणि ते रेणू सुटून हवेत येतात, तेही नेमके त्या न हलणाऱ्या गार थरात. त्यात कुत्र्याला धापा टाकत नीट हुंगता येत नाही, रात्रीच्या गारव्यात धाप कमी, नाक ओलं, म्हणजे हुंगायला मोकळं.

म्हणून रात्रीच्या कुत्र्यात बघायचं ते नाक, चिकाटी आणि आवाज. अमेरिकेत रॅकून नावाच्या झाडावर चढणाऱ्या जनावरामागं रात्री जाणारे कूनहाउंड कुत्रे याच गुणावर निवडलेत, मागावर असताना त्यांचं भुंकणं वेगळं, जनावर झाडावर चढलं की वेगळं, मालक अंधारात नुसत्या आवाजावर चालत जातो. कारवानी मुकाट्यानं पळतं, दिवसा मालकाला ते दिसत असतं म्हणून चालतं, रात्री कुठं गेलं तेच कळायचं नाही.

वीस नखांचं कुत्रं रात्री भूत बघतं असं आमच्याकडं अजून सांगतात. मागच्या पायाला एकेक जादा नख ही जनुकातल्या एका बदलाची करामत, नजरेचा आणि त्याचा काही संबंध नाही. मोहोळकडच्या एका मेंढक्याच्या वाघरीजवळ, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ, मी रात्र काढलीय, त्याचं साधं गावठी कुत्रं एकदम उठून नाक वर करून गुरगुरलं, त्या दिशेला टॉर्च मारला तर काही नाही, पण वारा तिकडूनच होता. सकाळी ओढ्यात लांडग्याची पावलं सापडली.

घरी कुत्रं असेल तर करून बघा. आपला वापरलेला रुमाल जमिनीवरून ओढत बांधापर्यंत न्या, तिथं लपवा, अर्ध्या तासानं कुत्रं सोडा, एकदा सकाळी अकराला आणि दुसऱ्या दिवशी नव्या जागेत पहाटे पाचला. सोडायच्या आधी चिमूटभर माती हातातून सोडून वारा बघून घ्या. माझं कुत्रं अकराला तीनदा चुकलं, पहाटे सरळ रुमालावर जाऊन बसलं.