ओपन ॲक्सेस वीज

महावितरणकडून वीज न घेता ती थेट उत्पादकाकडून किंवा वीज बाजारातून विकत घ्यायची, पण आणायची मात्र महावितरणच्याच तारांवरून, या व्यवस्थेला ओपन ॲक्सेस म्हणतात. सरकारी मराठीत ‘मुक्त प्रवेश’. तिचा आधार वीज कायदा २००३ चे कलम ४२. यासाठी भाराची किमान मर्यादा १ मेगावॅट होती. हरित विजेपुरती ती केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी १०० किलोवॅटवर आणली. त्यामुळे चाकण, रांजणगावच्या मोठ्या कारखान्यांच्या जोडीने भोसरीतले मध्यम उद्योगही यात बसू शकतात.

करारातला दर स्वस्त दिसतो, पण हिशेब तिथे संपत नाही. त्यावर पारेषण आकार (उच्च दाबाच्या वाहिन्यांचे भाडे), वहन आकार (महावितरणच्या तारांचे भाडे), तारांतली गळती, क्रॉस सबसिडी अधिभार आणि अतिरिक्त अधिभार (महावितरणने आधीच करार केलेल्या, पण आता न लागणाऱ्या विजेच्या स्थिर खर्चाची भरपाई) चढतात. क्रॉस सबसिडी अधिभार म्हणजे घरगुती व शेतीच्या स्वस्त विजेचा भार उचलणारा ग्राहक निघून गेल्याची भरपाई. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणानुसार तो लागू वीजदराच्या २० टक्क्यांपुरता असावा. हे आकार राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, आणि सौदा परवडणार की नाही हे बहुतेक वेळा त्यांवरच ठरते.

म्हणून पुष्कळ जण ‘ग्रुप कॅप्टिव्ह’कडे, म्हणजे अनेक ग्राहकांनी मिळून स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या वीज प्रकल्पाकडे वळतात. वापरणाऱ्यांनी मिळून प्रकल्पात किमान २६ टक्के भागभांडवल घ्यायचे आणि वर्षभरातली किमान ५१ टक्के वीज स्वतः वापरायची. मग क्रॉस सबसिडी अधिभार नाही. अतिरिक्त अधिभारही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. फसगत होते ती मार्चअखेरीस. प्रकल्पाने १ कोटी युनिट निर्माण केले आणि भागीदारांचा वापर ५० लाखांवर अडकला, तर १ लाख युनिटांच्या तुटीपायी अख्ख्या वर्षाच्या विजेचा कॅप्टिव्ह दर्जा जातो आणि अधिभाराचे बिल मागाहून येते. एखाद्या भागीदाराने पाळी कमी केली की सगळेच अडकतात, त्यामुळे वापराचा ताळा दर महिन्याला घेतलेला बरा.

मीटर दर १५ मिनिटांची नोंद ठेवतो, म्हणजे दिवसाचे ९६ खंड. सौर वीज दुपारी येते आणि कारखाना तिसऱ्या पाळीतही चालतो. वीज येण्याच्या आणि वापरण्याच्या वेळेतली ही तफावत न मोजता केलेला करार हमखास तोट्यात जातो.

हे आकार ठरवणाऱ्या आयोगाचे सदस्य निवड समितीच्या शिफारशीवरून राज्य सरकार नेमते, आणि वीज कायद्याच्या कलम १०८ खाली सरकार आयोगाला धोरणात्मक निर्देशही देऊ शकते. सरकारचा आयोगाशी असा संबंध असल्याने वीज कंपन्यांनी राजकीय पक्षांना द्यायच्या देणग्यांचा प्रश्न इथेच येतो. कंपनी कायद्याच्या कलम १८२ नुसार सरकारी कंपनीला राजकीय देणगी देता येत नाही. म्हणजे महावितरणला मनाई, खासगी वीज उत्पादकाला मुभा. संचालक मंडळाचा ठराव मात्र लागतो. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्ये काढली गेली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती आणि निवडणूक रोखे, दोन्ही घटनाबाह्य ठरवले.

आयोगापुढच्या दरनिश्चितीच्या याचिकेवर कोणताही ग्राहक हरकत नोंदवू शकतो. पुण्यातल्या ‘प्रयास’ या स्वयंसेवी संस्थेचा ऊर्जा गट हे काम वर्षानुवर्षे आकडेवारीनिशी करत आला आहे. लहान कारखानदार मात्र बहुधा वाढीव बिल हातात पडल्यावर जागे होतात; तोवर हरकतींची मुदत उलटलेली असते.