चटावलेलं अस्वल की सरावलेलं?

लाइव्ह कॅमेऱ्यावर अस्वलं आणि गरुडाची पिल्लं तासन् तास बघत बसायचं वेड अलीकडचं, पण चिकाटीने बघणारे आधीही होतेच. 1939 पासून फ्लोरिडात एक रिटायर्ड बँक मॅनेजर झाडांवर चढून बाल्ड ईगलच्या, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या, पिल्लांच्या पायात कडी घालायचा, अशी हजारावर पिल्लं झाली, आणि त्या कड्यांवरून कळलं की ही पोरं उडायला लागली की पार कॅनडापर्यंत जातात. मग 1947 च्या सुमारास त्यालाच घरटी रिकामी दिसायला लागली. कारण निघालं डीडीटी हे कीटकनाशक, आणि त्यावर बंदी यायला 1972 उजाडलं.

अस्वलांचं प्रकरण जास्त किचकट. अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कात हॉटेलांच्या उकिरड्यावर येणारी ग्रिझली (तिकडची मोठी तपकिरी अस्वलं) बघायला लोकांसाठी चक्क बाकडी टाकलेली होती! तो तमाशा महायुद्धाच्या काळात थांबला, उकिरडे चालूच राहिले. तिथेच 1959 पासून दोन भावांनी अभ्यास मांडला, 1961 ला ग्रिझलीला पहिली रेडिओ कॉलर घातली. 1967 ला ग्लेशियर या दुसऱ्या पार्कात एकाच रात्री दोन तरुणी दोन वेगळ्या ग्रिझलींच्या हल्ल्यात गेल्या आणि उकिरडे बंद करायची घाई वाढली. भाऊ म्हणाले हळूहळू बंद करा, नाहीतर अस्वलं तंबूंकडे वळतील. पार्कवाले म्हणाले रेंगाळलं तर पुढची पिल्लंही तेच शिकतील. तसा मुद्दा खोटा नव्हता, पण बरीच वर्षं ती अस्वलं बघितलेल्यांचं ऐकायला काय हरकत होती? शेवटचे उकिरडे 1970-71 ला झटक्यात बंद झाले, बरीच ग्रिझली मारली गेली आणि 1975 ला संरक्षित यादीत टाकावी लागली.

खरा घोळ शब्दाचा आहे, माणसांना ‘सोकावलेलं’ अस्वल म्हणताना दोन गोष्टी एक होतात. खाण्याला चटावलेलं वेगळं, ते माणसाच्या मागे येतं. नुसतं सरावलेलं वेगळं, ते माणसाकडे ढुंकूनही बघत नाही, आपले मासे पकडतं. अलास्कात मॅकनील नदीवर 1973 पासून परमिट काढून मोजकीच माणसं सोडतात ती याच हिशेबाने, खाणं मिळू द्यायचं नाही आणि रोजचं वागणं बदलायचं नाही.

अलास्कातल्याच ब्रूक्स धबधब्यावर 2012 ला कॅमेरे आले, 2014 पासून सगळ्यात जाड अस्वलाला मतं पडतात. रेकॉर्डवर नंबर, लोकांच्या तोंडी टोपणनाव. गरुडांच्या घरट्यांच्या कॅमेऱ्यांवर तोच जीव पिल्लांवर, एखादं मलूल दिसलं की वर चढून वाचवा म्हणून ओरडा, आणि कॅमेरे सांभाळणारे सहसा हात लावत नाहीत. वाचलेली 10-12 आठवड्यांत उडतात, डोकं पांढरं व्हायला मात्र 4-5 वर्षं, त्यामुळे नंतर हीच पोरं समोर आली तरी कित्येकांना ओळखू येत नाहीत.