मीडिया टाइप आणि मीडिया रेंज: दिसायला सारखे, कामाला वेगळे

सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यासाठी ऑर्डर पोर्टल लिहायला घेतलं, की कोडमध्ये एक ओळ हमखास येते: आलेल्या फाइलचा कन्टेन्ट-टाइप, म्हणजे आत काय आहे ते सांगणारं हेडर, ‘टेक्स्ट/सीएसव्ही’ आहे का, हे स्ट्रिंग जुळवून बघणारी. वितरकांची यादी मराठी, कन्नड, तेलुगू अशा तीन लिप्यांत असते. म्हणून पाठवणारा अक्षरांचं एन्कोडिंगही सांगत नीट ‘टेक्स्ट/सीएसव्ही; चारसेट=यूटीएफ-८’ असं लिहितो आणि आपली ओळ नेमकं तेच नाकारते. मग शेजारचा सांगतो, ‘अरे, कन्टेन्स लाव ना,’ म्हणजे स्ट्रिंगमध्ये तेवढा तुकडा कुठेही आहे का तेच बघ. तिथून कोडची घसरगुंडी सुरू होते.

हे टाळायला बऱ्याच लायब्ररी मीडिया टाइपचा, म्हणजे ‘टेक्स्ट/सीएसव्ही’सारख्या प्रकाराच्या नावाचा, ऑब्जेक्ट करतात. मुख्य टाइप, सबटाइप आणि पॅरामीटर असे तीन भाग वेगळे ठेवले, की अर्धी भांडणं मिटतात. टाइप-सबटाइपमध्ये कॅपिटल-स्मॉलचा फरक धरायचा नसतो. चारसेटची किंमत अवतरणात असली काय, नसली काय, अर्थ एकच. पण मल्टिपार्टमधल्या, म्हणजे अनेक भागांच्या मजकुरातल्या, भाग वेगळे करणाऱ्या बाउंड्रीच्या किमतीत कॅपिटल-स्मॉलचा फरक धरावा लागतो, त्यामुळे सगळं सरसकट लोअरकेस करून टाकणारा पार्सर अपलोड बिघडवतो. इथवर लोक साधारण सांभाळून घेतात. खरा गोंधळ पुढे आहे, कारण त्याच क्लासमध्ये बहुतेकदा दुसरी एक गोष्टही कोंबलेली असते: मीडिया रेंज.

नव्या पेठेतल्या दुकानात गिऱ्हाईक ‘टॉवेल दाखवा, शक्यतो पांढरे’ म्हणतं, ती झाली रेंज. गठ्ठ्यावर चिकटवलेली चिठ्ठी, म्हणजे आत नेमकं काय आहे ते, हा झाला टाइप. मागणी सैल असू शकते, चिठ्ठी सैल असून चालत नाही. एचटीटीपीत मागणी अ‍ॅक्सेप्ट हेडरमध्ये येते आणि चिठ्ठी कन्टेन्ट-टाइपमध्ये. टाइपचा जन्म १९९२ मधला, ईमेलसाठी. नथानिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी मांडलेल्या माइम या ईमेलच्या मानकातून आलेला. आयएएनए या इंटरनेटची नावं-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदवहीत टाइप नोंदवले जातात. ‘टेक्स्ट/*’ अशी नोंद तिथे शोधत बसू नका.

लिहिण्यात दोन्ही इतके सारखे दिसतात, की एकच पार्सर दोघांना गिळतो. रेंजमध्ये मात्र दोन जास्तीच्या गोष्टी असतात. एक म्हणजे स्टार: ‘इमेज/*’ चालतं, ‘*/*’ चालतं, पण ‘*/पीएनजी’ चालत नाही. दुसरी गोष्ट क्यू, ० ते १ मधलं वजन. क्यू दिसतो पॅरामीटरसारखा, पण तो फाइलबद्दल काहीच सांगत नाही, मागणाऱ्याची आवड सांगतो. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या मीडियाटाइप क्लासमध्ये क्यू इतर पॅरामीटरांसोबतच राहतो. त्यामुळे ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ आणि ‘टेक्स्ट/एचटीएमएल;क्यू=०.८’ यांना इक्वल्स लावलं तर उत्तर ‘नाही’ येतं. तुलनेआधी क्यू काढून टाकायची वेगळी मेथड दिली आहे, ती याचसाठी.

‘सारखे आहेत का’ आणि ‘बसतं का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात अदलाबदल केली तरी उत्तर तेच राहतं, दुसऱ्यात दिशा महत्त्वाची. दिशेबाबत लायब्ररींचं एकमत नाही, हे कागदपत्रं वाचल्याशिवाय लक्षात येत नाही. स्प्रिंगमध्ये इन्क्लूड्स ही मेथड रेंजवर बोलवायची आणि टाइप आत द्यायचा. ग्वावा या गुगलच्या जावा लायब्ररीत उलट: टाइपवर ‘इज’ बोलवायचं आणि रेंज आत द्यायची. शिवाय ग्वावा रेंजमधले सगळे पॅरामीटर टाइपमध्ये आहेत का तेही बघतं, स्प्रिंगचं इन्क्लूड्स पॅरामीटरांकडे ढुंकूनही पाहत नाही. एका लायब्ररीतून दुसरीत कोड नेताना फक्त मेथडचं नाव बदललं, तर कम्पाइल बिनबोभाट होईल आणि उत्तरं उलटी येतील. स्प्रिंगचं इजकम्पॅटिबलविथ दोन्ही बाजूंनी चालतं, म्हणून लोकांना ते सोयीचं वाटतं. मला ते वापरायला आवडत नाही. कोण मागतंय आणि कोण देतंय, हेच त्यात पुसलं जातं.

आता चादरींच्या कॅटलॉगचे फोटो घ्या. समजा, समोरून आलं: ‘इमेज/*, इमेज/वेबपी;क्यू=०’. डावीकडून वाचत जाणारा कोड ‘इमेज/*’ वर थांबतो आणि वेबपी पाठवून मोकळा होतो. नियम असा, की एका टाइपला एकापेक्षा जास्त रेंज लागू होत असतील तर सर्वांत नेमक्या रेंजचं वजन धरायचं. वेबपीसाठी नेमकी रेंज दुसरी आहे आणि तिचं वजन ०, म्हणजे नको. जेपीईजी दिली तर चालेल. हा हिशेब एकट्या टाइपच्या ऑब्जेक्टला जमणार नाही, त्याला रेंजांची अख्खी यादी हातात लागते.

चुकल्यावर सर्व्हरकडून मिळणारे एचटीटीपी स्टेटस कोडही वेगळे. आलेल्या मजकुराचा टाइप आपल्याला झेपत नसेल तर ४१५. मागितलेल्या रेंजमध्ये बसणारं आपल्याकडे काहीच नसेल तर ४०६. पण तिथे मागणी बाजूला ठेवून जे आहे ते पाठवायची मुभाही सर्व्हरला असते.

स्वतःची लायब्ररी लिहीत असाल तर दोन क्लास करा. टाइपच्या कन्स्ट्रक्टरने स्टार दिसताच नकार द्यावा, रेंजने क्यू वेगळ्या फील्डमध्ये ठेवावा आणि ‘बसतं का’ विचारायची मेथड फक्त रेंजवर असावी. एकाच क्लासात भागवायचं असेल, तर दारात तरी पहारा हवा: स्प्रिंगमध्ये कन्टेन्ट-टाइप हेडरला ‘*/*’ देऊन बघा, तिथल्या तिथे एक्सेप्शन येतं.